वजन तेवढंच आहे, पण...

गेले पाच महिने एकाच विषयावर वाचतोय आणि घरी सगळ्यांचं डोकं खातोय. म्हटलं आता लिहूनच टाकावं, म्हणजे घरच्यांची सुटका. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे (पोट जरा जास्तच भरलंय, ते पुढं येईलच). त्यामुळं कुणाला बीपी असेल, हृदयाचं काही असेल, गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर आपापल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही करू नका. पण या सगळ्यात एक हिशोबाची चूक आहे, आणि हिशोबातली चूक शोधायला डॉक्टर असावं लागत नाही.

तर झालं असं. श्रावणात आमच्याकडं सत्यनारायण होता. माझी आजी, म्हणजे बाबांची आई, वय वर्षं चौऱ्याहत्तर. सगळे म्हणत होते खुर्चीवर बस, तर ऐकेना. "देवाम्होरं खुर्चीव बसू व्हय?" म्हणून खाली चटईवर बसली. पूजा झाली, आरती झाली, सगळे प्रसादाला उठले. आजी उठेना. एक हात गुडघ्यावर, एक जमिनीवर, दोनदा प्रयत्न केला आणि परत बसली. आधी आम्ही हसलो, म्हटलं पाय आखडले असतील. तिसऱ्यांदाही जमलं नाही तेव्हा मी आणि बाबांनी काखेत हात घालून तिला उभं केलं. ती काही बोलली नाही. पदर सारखा केला आणि आत गेली.

तिचा तो चेहरा डोक्यातून जाईना. कारण ही बाई पाबळची. शिरूर तालुक्यातलं, पावसानं कायम हूल दिलेलं गाव. तिथं तिनं पन्नासेक वर्षं डोक्यावर हंडे वाहिले, बाजरी खुरपली, कांदे काढले, सरपणाचे भारे आणले. चुलीपुढं उकिडवं बसून घरातल्या नऊ माणसांच्या भाकरी थापल्या. अडीच वर्षांपूर्वी आजोबा गेल्यावर आम्ही तिला पुण्याला फ्लॅटवर आणलं. आणलं म्हणजे अगदी प्रेमानं आणलं. बाबांनी तिच्यासाठी वेगळा पलंग घेतला, बाथरूममध्ये कमोड बसवला. धुण्याला मशीन, भांड्याला बाई, पाण्याला नळ, वर जायला लिफ्ट. भाजी निवडायला घेतली तरी आई म्हणायची, "राहू द्या हो आत्या, मी करते." मी तर तिच्या हातातली पिशवीसुद्धा काढून घ्यायचो. नातू म्हणून मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं तेव्हा.

रात्री बाबांनी तिची फाईल काढली. गावाहून आणली तेव्हा वजन ५४ किलो. गेल्या महिन्यातलं वजन ५५ किलो. बाबा म्हणाले, "वजन तर तेवढंच आहे. खातेपिते. मग झालं काय?"

हाच तो हिशोब, आणि इथंच ती चूक.

आपण आयटीवाले हे रोज बघतो. समजा प्रोजेक्टवर दहा माणसं आहेत. त्यातले चार सीनियर सोडून गेले आणि त्यांच्या जागी चार जण बेंचवरून आणून बसवले. हेडकाउंट? दहा. मॅनेजरच्या एक्सेलमध्ये सगळं हिरवंगार. पण रिलीजच्या रात्री काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. वजनाचा काटा हा असाच हेडकाउंट सांगणारा प्राणी आहे. हाडं, पाणी, स्नायू, चरबी या सगळ्यांची बेरीज तो दाखवतो. चार किलो स्नायू गेले आणि चार किलो चरबी आली तर काटा जागचा हलत नाही. माणूस मात्र आतून बदललेला असतो.

वयानुसार स्नायू झडण्याला १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन डॉक्टरांनी 'सार्कोपेनिया' असं नाव दिलं. ग्रीक शब्द आहे, अर्थ साधा, मांसाची कमतरता. तोवर याला म्हातारपणच म्हणायचे. साधारण तिशीनंतर दर दहा वर्षांना ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात असं मानलं जातं आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही भरभर जाते. आणि याच काळात चरबी वाढत असते. तीही कुठं, तर पोटात, यकृतात आणि खुद्द स्नायूंच्या धाग्यांमध्ये. हे दोन्ही एकाच माणसात एकत्र आलं की त्याला 'सार्कोपेनिक ओबेसिटी' म्हणतात. सरळ मराठीत सांगायचं तर अंगात चरबी आहे पण ताकद नाही. गंमत म्हणजे (गंमत कसली!) असा माणूस बघायला जाडा असलाच पाहिजे असं नाही.

आता माझा पहिला प्रश्न होता की या दोन गोष्टी योगायोगानं बरोबर होतात, की एकमेकींना ओढून आणतात? वाचल्यावर कळलं की ओढून आणतात, आणि दोन्ही बाजूंनी.

आपण जेवलो की रक्तात साखर वाढते. इन्सुलिन ती साखर उचलायला सांगतं, आणि त्यातला मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू हे आपलं साखरेचं गोदाम आहे. गोदाम लहान झालं की माल बाहेर राहतो. मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं आणि उरलेल्या मालाची रवानगी चरबीकडं होते. दुसऱ्या बाजूनं, पोटातली चरबी ही काही शांत पडून राहणारी वस्तू नाही. त्यातून शरीरात मंद दाह पेटता ठेवणारी रसायनं निघत राहतात. ती स्नायूंची तोडफोड वाढवतात, नवीन बांधणी मंदावतात आणि इन्सुलिनचं म्हणणं स्नायूंना नीट ऐकू येईनासं करतात. म्हणजे स्नायू कमी म्हणून चरबी जास्त, चरबी जास्त म्हणून स्नायू कमी. यात तिसरी गोष्ट माणसाच्या वागण्याची. ताकद कमी झाली की उठणंबसणं नकोसं वाटतं, पडायची भीती वाटते, म्हणून माणूस आणखी बसून राहतो. आपल्या भाषेत हा इन्फिनिट लूप आहे आणि त्यातून बाहेर पडायची कंडिशन कुणीतरी बाहेरून लिहावी लागते.

इथं एक लोकप्रिय गैरसमज बाजूला काढतो. 'स्नायू गेले की मेटाबॉलिझम मंदावतो आणि म्हणून माणूस सुटतो' असं जिममधला प्रत्येक ट्रेनर सांगतो. आकडेमोड करून बघितली. एक किलो स्नायू स्वस्थ बसलेले असताना दिवसाला साधारण १३ कॅलरी जाळतात, एक किलो चरबी साडेचारच्या आसपास. चार किलोंची अदलाबदल झाली तर फरक पडतो दिवसाला ३४ कॅलरींचा. म्हणजे चहाबरोबरचं एखाद-दीड ग्लुकोज बिस्कीट! शिवाय २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात हर्मन पाँट्झर आणि बऱ्याच देशांतल्या संशोधकांनी ६४०० हून अधिक माणसांच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून असं दिसलं की शरीराचा आकार आणि घडण जमेस धरली तर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत आपला ऊर्जेचा खर्च जवळजवळ स्थिर असतो. तेव्हा 'पंचविशीनंतर माझा मेटाबॉलिझमच स्लो झाला यार' ही आपल्या कॅन्टीनमधली लाडकी सबब निकालात निघाली. स्लो झालोय ते आपण.

आणि आराम? २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. साठी ओलांडलेल्या बारा धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं. आजार काही नाही, जेवण वेळेवर, नुसतं झोपायचं. दहा दिवसांत एकट्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. दहा दिवसांत! मी हे वाचलं आणि आमच्या घरातली अडीच वर्षं आठवली. आजी अंथरुणाला खिळलेली नव्हती हे खरं. पण हंडा, खुरपं, भारा, चूल, पाट हे सगळं एका दिवसात तिच्या आयुष्यातून गेलं आणि त्या जागी आली खुर्ची, पलंग आणि टीव्ही.

इथपर्यंत ही फक्त म्हाताऱ्या माणसांची गोष्ट वाटेल. मलाही तसंच वाटत होतं. मग त्याच महिन्यात ऑफिसची वार्षिक हेल्थ चेकअप झाली. माझी उंची १७३ सेंटिमीटर, वजन ६७ किलो, बीएमआय २२.४. त्याच्यापुढं हिरव्या रंगात 'नॉर्मल'. खाली बारीक अक्षरांत चरबी २६ टक्के, कंबर ९२ सेंटिमीटर, उपाशीपोटी साखर १०८. या तिन्हींपुढं कसलाच रंग नव्हता. डेस्कवरच्या मुलीनं रिपोर्ट हातात देताना "सर, तुमचं वजन एकदम परफेक्ट आहे" असं गोड हसून सांगितलं. मीही खूश. दोन दिवसांनी लक्षात आलं की मी आणि आजी एकाच काट्यावर फसलोय. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी (बायकांची ८०) आणि उपाशीपोटीची साखर शंभराच्या आत. एकोणतिसाव्या वर्षी मी दोन्हीकडं नापास.

याचं उत्तर शोधायला गेलो आणि फिरून पाबळच्याच रस्त्याला लागलो.

पाबळ म्हटलं की लोकांना मस्तानीची समाधी आठवते. आपल्या क्षेत्रातल्या लोकांना कदाचित विज्ञान आश्रम आणि तिथली फॅब लॅब. पण माझ्या मते या कोरडवाहू पट्ट्यातून जगाला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. १९९३ साली पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. आमच्या पाबळच्या बाजूची, अशीच अवर्षणग्रस्त शेतकरी गावं. आई होऊ घातलेल्या बायकांचं वजन, उंची, खाणं, कामाचे कष्ट हे सगळं नोंदवायचं, आणि मग जन्मलेल्या बाळांची इंचन् इंच मोजमापं घ्यायची. 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' या नावानं तो आज जगभर ओळखला जातो. त्या आयांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं.

या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. २००३ साली ते प्रसिद्ध झालं. इकडचं बाळ सरासरी २.७ किलोचं, तिकडचं ३.५ किलोचं. आता आठशे ग्रॅमनं लहान बाळ म्हणजे सगळंच त्या प्रमाणात लहान असणार, असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. दंड बारीक, पोटातले अवयव लहान, स्नायू कमी. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी मात्र जवळपास इंग्रज बाळाच्या बरोबरीची! काटकुळं बाळ, पण त्या मानानं चरबी भरपूर. डॉ. याज्ञिकांनी त्याला 'थिन-फॅट' बाळ म्हटलं. म्हणजे स्नायू कमी आणि चरबी जास्त हा जो मामला जगात सत्तरीत सुरू होतो, त्याची सुरुवातीची शिल्लक आपल्याकडं जन्माच्या दिवशीच तशी असते.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, 'लॅन्सेट'मध्ये एक छोटंसं टिपण आणि फोटो आला. फोटोत दोन डॉक्टर शेजारी शेजारी. एक स्वतः याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावातल्या आद्याक्षरावरून त्याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात. एवढा मोठा माणूस स्वतःलाच उदाहरण म्हणून उभा करतो हे मला फार आवडलं. आणि माझा २२.४ चा 'परफेक्ट' बीएमआय त्या फोटोत कुणाच्या बाजूला उभा राहील हेही लगेच कळलं. :)

त्या सहा गावांतली मुलं पुढं मोठी होत गेली आणि त्यांची तपासणी चालू राहिली. अठराव्या वर्षी त्यांच्या रक्तातली साखर पुन्हा पाहिली तेव्हा मुलांमध्ये ३७ टक्के आणि मुलींमध्ये १८ टक्के जणांची साखर बिघडलेली निघाली. बहुतेक सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आणि ही काही पिझ्झा खाऊन सुटलेली पोरं नव्हती. त्यांतली जवळजवळ निम्मी वजनानं कमी, म्हणजे सरकारी भाषेत कुपोषित! सडपातळ पोर, कमी वजनाचं पोर, आणि साखर वाढलेली. ती मुलं आज तिशीत आहेत. माझीच पिढी. माझे पाबळचे शाळकरी चुलत-मावस भाऊ त्याच वयाचे. त्यातले कितीतरी आज रांजणगाव-चाकणला बसून करायच्या नोकऱ्या करतात, मी खराडीत करतो. बारीक शिल्लक घेऊन निघालेलो आम्ही, आणि तिशीपासून त्यातून दरवर्षी थोडं थोडं काढलं जाणार. सत्तरीत आम्ही चटईवरून उठू? आजीनं निदान पन्नास वर्षं हंडे वाहून खात्यात काही टाकलं तरी होतं. आम्ही काय टाकलंय? आठवड्याला पंचेचाळीस तास खुर्ची.

आता इथं एक मोह होतो, आणि मला तो टाळायचाय. 'बघा, पूर्वीचे लोक कसे कष्ट करायचे, म्हणून ठणठणीत होते' असं म्हणून मोकळं व्हायचा. व्हॉट्सअॅपवर जात्यावर दळणाऱ्या बाईचं चित्र फिरतं ना, तसं. हे खोटं आहे. याच अभ्यासात असंही दिसलं की गरोदरपणात ज्या बायकांना जास्त कष्टाची कामं होती त्यांची बाळं सरासरीनं लहान निघाली, आणि ज्यांना दूध, पालेभाजी, फळं जास्त मिळाली त्यांची बाळं मोठी. पोटात पुरेसं नसताना उपसलेले कष्ट शरीर बांधत नाहीत, खातात. आजीच्या दोन्ही खांद्यांचं आणि कमरेचं दुखणं त्या हंड्यांचंच आहे. तिच्या डोक्यावरचा हंडा उतरला हे फार चांगलं झालं, आणि तो परत चढावा असं म्हणणाऱ्यानं आधी स्वतः एक उन्हाळा वाहून बघावा.

माझं म्हणणं एवढंच आहे की हंडा उतरवताना आपण त्याच्याबरोबर एक दुसरी गोष्टही काढून घेतली. शरीराला रोज पडणारा भार. तो भार बेताच्या मापात, पोटभर खाऊन, दुखापत न होता परत द्यायला हवा होता. तो द्यायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण काट्यावर वजन तेवढंच होतं.

पाबळच्या विज्ञान आश्रमाबद्दल लहानपणापासून ऐकतोय. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून १९८३ साली तो सुरू केला. शाळा सुटलेल्या पोरांना हातानं काम करत करत विज्ञान शिकवायचं ही त्यांची कल्पना. हातानं केल्याशिवाय डोक्यात जात नाही, हे ते शिक्षणाबद्दल म्हणत. स्नायूंचंही तेच आहे. वाचून, प्रोटीनचे डबे आणून किंवा स्मार्टवॉच बांधून स्नायूला काहीच कळत नाही. त्याला फक्त भार कळतो.

आणि भार म्हाताऱ्या स्नायूलाही कळतो, ही या सगळ्यातली सगळ्यात चांगली बातमी. १९९० साली डॉ. मारिया फियाटारोन यांनी बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या दहा माणसांना आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करायला लावले. सरासरी वय नव्वद! पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीतला स्नायूही ९ टक्क्यांनी वाढला. नव्वदाव्या वर्षी! म्हणजे 'आता या वयात काय' हे वाक्य पस्तीस वर्षांपूर्वीच बाद झालेलं आहे. फक्त आपल्या घरात त्याची खबर पोचलेली नाही.

नुसतं फिरायला जाणं यासाठी पुरत नाही. फिरणं हृदयाला, साखरेला, मनाला उत्तम. पण जमिनीवरून उठायला जी ताकद लागते ती बागेला फेऱ्या मारून येत नाही. तिच्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूला जड वाटेल असं काहीतरी उचलावं, ढकलावं, ओढावं लागतं.

दुसरी बाजू ताटाची. आजी माळकरी, त्यामुळं अंड्याचा प्रश्नच नाही. पुण्यात आल्यावर दात दुखतात म्हणून तिचं खाणं हळूहळू चहा-खारी, मऊ भात, पातळ वरण आणि रात्री थोडी खिचडी यावर आलं होतं. एकादशीला साबुदाणा, ज्यात प्रथिनं जवळपास नसतातच. तज्ज्ञ सांगतात की म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागं दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं हवीत (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे गणित डॉक्टरांनीच करायचं). ५५ किलोच्या आजीला साठेक ग्रॅम. मी एक दिवस बसून मोजलं तर तीसच्या आसपास भरलं. आजी पोट भरून जेवत होती. ताटात कमी होतं ते नेमकं स्नायूचं खाणं.

यावरून आठवलं, आपल्यातले अर्धे लोक लग्नाच्या आधी दोन महिने 'क्रॅश डाएट' करतात. भाराचा व्यायाम न करता उपाशी राहून वजन उतरवलं तर उतरलेल्या प्रत्येक चार किलोंत साधारण एक किलो चरबी नसलेलं मांस असतं. लग्नानंतर वजन परत येतं तेव्हा येते ती मुख्यतः चरबी. दर दोन वर्षांनी हा उद्योग करणारा माणूस काट्यावर जिथल्या तिथं दिसतो आणि आतून म्हातारा होत जातो. २०२५ पासून वजन उतरवायची नवी इंजेक्शनं आपल्याकडं मिळायला लागली आहेत. ज्यांना डॉक्टरांनी दिली त्यांनी जरूर घ्यावीत, पण हा हिशोब त्यांनाही चुकत नाही. काय उतरतंय हे विचारल्याशिवाय किती उतरलं याचा आनंद मानण्यात अर्थ नाही.

तर आता आमच्या घरची प्रगती. एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी आजीची तपासणी केली. हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. आशियाई लोकांसाठी तज्ज्ञांच्या गटानं २०१९ साली जी मापं ठरवली त्यानुसार याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोक्याची खूण. आजी दोनदाच उठू शकली. पोटरीचा घेर बायकांचा ३३ सेंटिमीटरच्या खाली नसावा (पुरुषांचा ३४), आजीचा ३०. हाताची पकड १८ किलो तरी हवी (पुरुषांची २८), आजीची १३.

हे सगळं ऐकून बाबा चिडलेच. "आयुष्यभर राबली ती. आता सत्तरीनंतर तिला परत व्यायामाला जुंपायची? दोन घास सुखानं खाऊन बसू दे की तिला." बाबांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही, आजही नाही. आईला काम करायला लावणारा मुलगा ही गावाकडच्या माणसाला शिवीच आहे. पण उत्तर आजीनंच दिलं. म्हणाली, "आरं, मला बसवून ठिवलंय तुमी. बसून बसून पाय गेलं माजं. परसाकडं जायला बी सूनबाईचा हात लागतोय. ह्यात कसलं आलंय सुख?"

बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जाऊन पाण्याच्या एक लिटरच्या दोन बाटल्या घेऊन आले.

पाच महिन्यांत चमत्कार वगैरे झालेला नाही. सुरुवातीला खुर्चीवर दोन उशा ठेवून उठबस, मग एक, मग उशी नाही. बाटल्या दोन्ही हातांत घेऊन वर-खाली. ओट्याला धरून टाचा उचलणं. भाजी निवडणं, कणीक मळणं ही खाती आजीनं स्वतःकडं परत घेतलीत आणि आईची आता हरकत नाही. ताटात घट्ट डाळ, मटकीची उसळ, वाटीभर दही, भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, रात्री दूध. परवा पाच वेळा उठायला आजीला १६ सेकंद लागले. अजून १२ च्या आत नाही. चटईवरून उठताना अजून एक हात लागतो. पण एकच लागतो, आणि कमोडवरून ती आपली आपण उठते. वजन? ५५. तेवढंच!

आणि मी? आठवड्यातून तीनदा वजनं उचलतो, एखादा दिवस बुडतो. कंबर ८९ वर आलीय, साखर पुढच्या महिन्यात बघेन. वजन एक किलोनं वाढलंय, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं वाईट वाटलेलं नाही.

गेल्या शनिवारी आजीला घेऊन पाबळला गेलो होतो. नगर रोडची नेहमीची कोंडी, मग शिक्रापूरला डावीकडं वळलं की जीवात जीव. जुन्या घराचा उंबरा चांगला वीतभर उंच आहे. मी सवयीनं हात पुढं केला. आजीनं तो बाजूला सारला, दाराची चौकट धरली आणि आत गेली. आतून आवाज आला, "आरं, पिशवी आन की. का ती बी मीच उचलू?"

असो. आज रविवार आहे. तुमचेही आईबाबा किंवा आजीआजोबा घरात असतील. एक पक्की, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, स्वतः शेजारी उभे राहा आणि मोबाईलमधलं घड्याळ लावा. पाच वेळा. मग स्वतःचंही बघा. काट्यावर नंतर चढलात तरी चालेल.

हे लिहायला बसून मला दोन तास झाले. उठतो आता. पाच वेळा. :)